रायडिंग गिअर घेताना ब्रँड बघायचा की आतलं लेबल?

मे महिना संपत आला की माझ्या फोनवर एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी यायला लागतो. ताम्हिणीला जायचंय, माळशेजला जायचंय, पाऊस लागायच्या आत जॅकेट घ्यायचंय, कुठल्या ब्रँडचं घेऊ? यंदा पहिला नंबर माझ्या मावसभावाचा. त्याने नवी साडेतीनशे सीसीची बाईक घेतली, मावशीने अट घातली की आधी अंगावर नीट काहीतरी घे आणि मगच गाडी पुण्याबाहेर काढ, तर हा मला म्हणाला, "दादा, तू फक्त ब्रँडचं नाव सांग, हेल्मेटपासून बुटापर्यंत सगळं त्याचंच उचलतो, डोक्याला ताप नको."

नाव मी सांगितलं नाही. रविवारी सकाळी त्याला घेऊन नाना पेठेत गेलो आणि दुकानात हँगरवरची जॅकेटं उलटी करून आतली लेबलं वाचायला लावली. त्या दिवशी त्याला जे जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण आठ-दहा हजार रुपये खर्चून आत साधा फोम असलेलं जॅकेट घालून फिरणारी पोरं मी दर आठवड्याला बघतो आणि मला ते बघवत नाही.

पडतो म्हणजे नेमकं काय होतं

नारळ घ्या. दगडावर आपटला की फुटतो, खवणीवर धरला की खवला जातो. बाईकवरून पडणाऱ्या माणसाच्या वाट्याला ह्याच दोन गोष्टी येतात, आधी आपटणं आणि मग घासत जाणं, आणि ह्या दोन्हींवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत, हे एकदा कळलं की अर्धी खरेदी सोपी होते.

आधी आपटणं. बऱ्याच जणांना पटत नाही पण गाडी ऐंशीने असली तरी तुमचा खांदा रस्त्यावर ऐंशीच्या जोराने आपटत नाही. सीटवर बसलेला माणूस जितक्या उंचीवरून खाली येतो तितकाच तो जोर असतो, दीड-पावणेदोन मीटरवरून पडलं तर जमिनीला टेकताना ताशी २० किलोमीटरच्या आसपास. तेवढाही खांद्याचं हाड मोडायला पुरतो, पण नीट पॅड असेल तर तो पॅड हा मार झेलू शकतो. अट एकच, मधे काही आडवं यायला नको. डिव्हायडर, विजेचा खांब किंवा समोरून येणारी एसटी आली तर जगातलं कुठलंही जॅकेट फार काही करू शकत नाही, हे मी कुणालाही आधीच सांगतो, अंगावर गिअर, म्हणजे हे जॅकेट-ग्लोव्हजसारखं संरक्षक सामान, घातलं म्हणजे वेग वाढवायला परवानगी मिळाली असं होत नाही.

मग घासणं. साठच्या वेगाने पडलेला माणूस कोरड्या डांबरावर साधारण २० ते २५ मीटर घसरत जातो, म्हणजे अडीच-तीन सेकंद. ऐकायला कमी वाटतं, पण साधी जीन्स टेस्टिंगच्या मशीनवर एका सेकंदाच्या आत फाटते, उरलेला वेळ चामडी घासत असते. शिवाय वेग दुप्पट झाला की घसरण्याचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं.

तिसरी गोष्ट शिवण. धान्याचं पोतं कितीही जाड असलं तरी टाका उसवला की धान्य रस्त्यावर. जॅकेटचंही तेच, कापड टिकतं आणि खांद्याची शिवण उघडते, असं होतं. आणि चौथी गोष्ट, जिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, ती म्हणजे फिटिंग. कोपराचा पॅड पडताना कोपरावरच असायला हवा, तो फिरून दंडाच्या मागे गेला तर त्याची किंमत शून्य.

म्हणजे पॅड, कापड, शिवण, फिटिंग. ह्या चारातली एकही गोष्ट छातीवरच्या लोगोवरून कळत नाही.

"सीई आहे" म्हणजे काय आहे?

दुकानात विचारलं की हमखास उत्तर येतं, "साहेब, सीई आहे." सीई ही युरोपातली खूण. २१ एप्रिल २०१८ पासून युरोपियन युनियनमध्ये नवा नियम लागू झाला, त्यात बाईकचे संरक्षक कपडे हे सुरक्षा साधन म्हणून धरले जातात आणि ते बाहेरच्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावे लागतात. आपल्याकडे हेल्मेटला जसं आयएसआय बंधनकारक आहे तसं जॅकेट-पँटला नाही, त्यामुळे इथले ब्रँडही युरोपचंच माप वापरतात.

आता ह्यातली मेख समजून घ्या. जॅकेटला दोन वेगवेगळ्या सीई असू शकतात. एक आतल्या पॅडची, दुसरी अख्ख्या कपड्याची. बाहेर लटकवलेला चकचकीत टॅग बऱ्याचदा फक्त पॅडबद्दल बोलत असतो. म्हणजे नारळ फुटणार नाही ह्याची तपासणी झालीय, खवला जाईल का ह्याची झालेली नाही. एखाद्या घराला कुलूप एक नंबरचं आणि दरवाजा पुठ्ठ्याचा असावा तसं. मावसभावाने हातात घेतलेलं पहिलंच जॅकेट असं निघालं, साडेसात हजारांचं, पॅडवर सगळे छाप बरोबर आणि कपड्याच्या आत मात्र फक्त धुण्याच्या सूचना.

अख्ख्या कपड्याचं जे मानक आहे त्याचा नंबर ईएन १७०९२. हा आकडा तेवढा लक्षात ठेवा, कपड्याच्या आत शिवलेल्या लेबलवर तो दिसला पाहिजे आणि त्याच्याजवळ इंग्रजी अक्षरात वर्ग लिहिलेला असतो. ट्रिपल ए सगळ्यात वरचा, मग डबल ए, मग नुसता ए. बी म्हणजे घासण्याला ए इतकाच टिकाऊ पण पॅड नाहीत. सी म्हणजे पॅड आहेत पण त्यांना धरून ठेवणारं कापड फक्त आधारापुरतं, म्हणजे दुसऱ्या जॅकेटच्या आत किंवा वर घालायची जाळी.

तपासणी कशी करतात तेही बघण्यासारखं आहे. कापडाचे तुकडे एका फिरणाऱ्या दांड्याला लावतात, ठरलेल्या वेगाने गरागरा फिरवतात आणि खाली खरबरीत काँक्रीटच्या लादीवर सोडून देतात, फिरणं थांबेपर्यंत तो तुकडा लादीवर घासत राहतो. थांबल्यावर ठरलेल्यापेक्षा मोठं भोक पडलेलं दिसलं की नापास. अंगाचे भाग पाडलेले आहेत. खांदा, कोपर, गुडघा, कंबरेची बाजू हे सगळ्यात धोक्याचे. ह्या भागाचं कापड ट्रिपल एला ताशी १२० किलोमीटरच्या हिशोबाने टिकावं लागतं, डबल एला ७०च्या आणि ए वर्गाला ४५च्या. छाती, पोट, पाठीच्या भागांना त्याहून कमी चालतं.

हे आकडे तुम्ही चालवता त्या वेगाची हमी नाहीत, लॅबमधलं माप आहे ते. पण तुलना करायला फार उपयोगी, कारण ए आणि ट्रिपल ए मधला फरक किती मोठा आहे ते त्यातून कळतं. आपल्या हायवेवर ऐंशी-नव्वदने फिरणाऱ्या माणसाने निदान डबल ए बघावा असं माझं स्पष्ट मत आहे, शहरातल्या शहरात ए चालून जाईल.

पॅडचं गणित

हातापायाच्या पॅडचं मानक ईएन १६२१-१ आणि पाठीच्या पॅडचं ईएन १६२१-२. दोन्हीत लेव्हल १ आणि लेव्हल २ असतात. हातापायाचा पॅड तपासताना पाच किलोचं लोखंडी वजन साधारण एक मीटर उंचीवरून पॅडवर सोडतात आणि पॅडच्या खाली किती जोर पोचला ते मोजतात. लेव्हल १ मध्ये सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतो, लेव्हल २ मध्ये २० पर्यंतच. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने शंभर किलोचा भार. म्हणजे लेव्हल १ मधून क्षणभर साडेतीन टनांपर्यंतचा दाब हाडाकडे जाऊ शकतो आणि लेव्हल २ मधून दोन टनांपर्यंतचा. पाठीच्या पॅडला मर्यादा कडक आहे, १८ आणि ९.

आणि पाठीबद्दलच सगळ्यात जास्त फसवणूक होते. जॅकेटच्या पाठीच्या कप्प्याची चेन उघडा, हात घाला आणि आतला तुकडा बाहेर काढा. खूपदा तिथे पिवळट स्पंजचा, बोटांनी चिमटीत दाबला तर कागदासारखा होणारा तुकडा असतो, त्यावर ना नंबर ना छाप. तो फक्त जॅकेटला आकार यावा म्हणून घातलेला असतो. कपड्याच्या मानकात पाठीचा पॅड सक्तीचा नाही म्हणून हे चालतं. खरा पॅड घेतला तर त्यावर बाईकवाल्या माणसाचं छोटं चित्र, मानकाचा नंबर, लेव्हल आणि तो कुठल्या भागासाठी आहे त्याचं अक्षर कोरलेलं असतं. वेगळा घ्यावा लागला तरी घ्या, कप्पा मोजून घेऊन जा.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी अजून एक खूण, टी प्लस. आजकालचे मऊ पॅड उन्हात अजून मऊ पडतात आणि मार झेलायची ताकद कमी होऊ शकते. टी प्लस लिहिलं असेल तर तो पॅड ४० अंशांलाही तपासलेला आहे. नागपूर-अकोल्याच्या मंडळींनी ही खूण बघितल्याशिवाय पैसे काढू नयेत.

हेल्मेटचं काय

हेल्मेट हा वेगळा लेख होईल, थोडक्यात सांगतो. १ जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवणं-विकणं आपल्याकडे कायद्याने बंद आहे, मानक आयएस ४१५१. तरी पुलाखाली, सिग्नलला नुसता स्टिकर चिकटवलेली टोपडी मिळतात ती हेल्मेट नव्हेत. युरोपचं मानक ईसीई २२.०६, त्यात सरळ आपटण्याबरोबर तिरका मारही तपासतात, कारण डोकं तिरकं आपटून फिरलं की मेंदूला जास्त इजा होते. अमेरिकेच्या डॉट मानकात कंपनी स्वतःच जाहीर करते की आमचं हेल्मेट पास आहे, सरकार नंतर बाजारातून उचलून तपासतं.

केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ सालचा अहवाल काढून बघा, त्या एका वर्षात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातली ५०,०२९ हेल्मेट न घातलेली होती, चालवणारे ३५,६९२ आणि मागे बसलेले १४,३३७. मागे बसलेले. हा आकडा वाचल्यापासून मी बायकोला हेल्मेट नसताना गल्लीतल्या वाण्याकडेही नेत नाही.

मग ब्रँडला काहीच अर्थ नाही का?

आहे, पण आपण समजतो तिथे नाही.

ब्रँड म्हणजे एक माणूस नाही की ज्याच्यावर एकदा विश्वास बसला की बसला. एकाच ब्रँडच्या एकाच रॅकवर ए वर्गाचं जाळीचं जॅकेटही असतं आणि ट्रिपल ए लेदरचा सूटही, लोगो तोच. आपण सूटच्या रेसमधल्या फोटोवर भाळतो आणि जाळी विकत घेतो. पुन्हा बरेच ब्रँड स्वतः शिवत नाहीत, दुसऱ्यांच्या कारखान्यात शिवून घेतात, लेदरच्या गिअरसाठी पाकिस्तानातलं सियालकोट तर जगभर नावाजलेलं आहे. ह्यात वाईट काही नाही, सियालकोटचे कारागीर उत्तम आहेत, पण "अमुक देशाचा ब्रँड म्हणजे अमुक दर्जा" हे समीकरण तिथेच मोडतं.

मालकही बदलतात. इटलीची डायनेसे घ्या, लीनो डायनेसेने १९७२ मध्ये सुरू केली, २००७ मध्ये तिने एजीव्ही ही हेल्मेट कंपनी विकत घेतली, २०१४ मध्ये डायनेसेची बहुतांश मालकी इन्व्हेस्टकॉर्प ह्या गुंतवणूक कंपनीकडे गेली आणि २०२२ मध्ये कार्लाइल ह्या दुसऱ्या गुंतवणूक कंपनीकडे. माल चांगला की वाईट हा मुद्दाच नाही इथे. वीस वर्षांपूर्वी ज्याला आपण निष्ठा वाहिली तो आज तोच आहे का, एवढंच विचारतोय. आणि प्रत्येक ब्रँडचं एक माहेर असतं. अल्पाइनस्टार्स १९६३ मध्ये इटलीच्या असोलो गावात बुटांपासून सुरू झाली, डायनेसे लेदरच्या पँटपासून. एका गोष्टीत हात बसला म्हणजे बाकी सगळ्यात बसलाच असं धरायचं कारण नाही. आपल्याकडे सोन्याला एक दुकान, पैठणीला दुसरं आणि चपलेला तिसरं असतंच ना.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ह्यावर एक फार चांगला उपाय केलाय. २०१८ पासून तिथे मोटोकॅप नावाचा उपक्रम चालतो, सरकारी संस्था आणि विमेवाले पैसे घालतात, गुपचूप दुकानातून कपडे विकत घेतात, लॅबमध्ये फाडून-घासून बघतात आणि प्रत्येक कपड्याला सुरक्षेचे वेगळे आणि उकाड्याचे वेगळे असे तारे देतात. तारे ब्रँडला नाही, कपड्याला. त्या यादीत एकाच ब्रँडच्या दोन जॅकेटांमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर सापडतं, आणि महाग म्हणजे वर असंही दिसत नाही. आपल्याकडे असं काहीतरी व्हायलाच हवं, इतक्या दुचाकी रस्त्यावर असलेल्या देशात हे नसावं ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्याच ऑस्ट्रेलियात लिझ डी रोम आणि सहकाऱ्यांनी कॅनबेराच्या भागात अपघात झालेल्या २१२ रायडरचा अभ्यास केला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. रायडिंगचं जॅकेट घातलेल्यांना दवाखान्यात भरती व्हायची शक्यता २१ टक्क्यांनी कमी होती, पँटवाल्यांची ५१ टक्क्यांनी, ग्लोव्हजवाल्यांची ५९ टक्क्यांनी. म्हणजे गिअर काम करतो, वादच नाही. पण त्याच अभ्यासात दिसलं की अपघातात जॅकेटांपैकी जवळपास ३० टक्के, पँटपैकी २८ टक्के आणि ग्लोव्हजपैकी २५ टक्क्यांहून जास्त निकामी ठरले, म्हणजे रायडिंगचं म्हणून विकलेलं सामान ऐनवेळी हरलं.

माझे ग्लोव्हज

मी स्वतः ह्या निष्ठेतून गेलोय. सहा वर्षांपूर्वी वरंध घाटात एका वळणावर पावसाने वाहून आलेली खडी होती, पुढचं चाक गेलं, मी उजव्या कोपरावर पडलो आणि वीसेक फूट घसरलो. जॅकेट अजून घरी आहे. कोपराजवळ हाताच्या तळव्याएवढा भाग पांढरट, लोकरीसारखा पिंजलाय, खालचा थर जसाच्या तसा, शिवणीचा एक टाका निघाला नाही. कोपराला मला नुसता निळा डाग आला. त्या दिवसापासून मी त्या ब्रँडचा भक्त झालो, मित्रांना तेच सुचवायचो, पुढचे ग्लोव्हज डोळे झाकून त्यांचेच घेतले, आत लेबल आहे का हे उलटून बघितलंही नाही.

पुढच्या वर्षी वाईच्या अलीकडे एक कुत्रं आडवं आलं, वेग तीसही नसेल. माणूस पडताना हात पुढे टाकतोच, मीही टाकला. करंगळीच्या बाजूची शिवण मनगटापासून उसवली, तळव्याचं सालटं निघालं, बारीक खडे रुतून बसले आणि नर्सने ते चिमट्याने एकेक काढले. नंतर ग्लोव्हज उलटे करून बघितले तर आत मानकाचा नंबरच नव्हता, एकेरी शिलाई होती आणि तळव्यावर पातळ रेक्झिन. जॅकेट त्याच ब्रँडचं, डिझाइन बहुतेक दुसऱ्याच टीमचं. ग्लोव्हजचं मानक ईएन १३५९४ आहे, मुठीच्या हाडांचं संरक्षण तपासलं असेल तर पुढे केपी लिहितात, बुटांचं ईएन १३६३४ आहे, हे सगळं मला तो हात बांधलेला असताना घरी बसून समजलं.

निष्ठा कुठे कामाची आहे

फिटिंगला. प्रत्येक ब्रँडचा एक साचा असतो, कुणाचे खांदे रुंद, कुणाची बाही लांब, कुणाचं हेल्मेट गोल डोक्याला बसणारं तर कुणाचं लांबट. एखाद्याचा साचा तुमच्या अंगाला बसला तर पुढच्या वेळी शोध तिथून सुरू करणं शहाणपणाचं आहे. बायकांना तर हा त्रास फार, बहुतेक दुकानात पुरुषांचंच जॅकेट एक नंबर लहान करून पुढे करतात, कमरेत ढगळ आणि छातीत घट्ट, त्यामुळे बायकांचा वेगळा साचा देणारा ब्रँड सापडला तर त्याला धरून राहण्यात अर्थ आहे.

दुसरं, जॅकेट-पँटला जोडणारी चेन. पडताना जॅकेट वर सरकू नये म्हणून दोन्ही कमरेला जोडतात आणि ती चेन बऱ्याचदा त्याच ब्रँडला जुळते. तिसरं, विक्रीनंतरची सेवा. चेन तुटली, बटण गेलं, पॅड बदलायचा झाला तर राइनॉक्स, वियाटेरा, रायडा अशा इथल्या ब्रँडचं सामान परदेशातून मागवायची वाट बघावी लागत नाही, ही मोठी सोय आहे, आणि आपल्या उकाड्याचा विचारही इथलाच माणूस जास्त करतो. पण ही निष्ठा म्हणजे पहिल्यांदा कुठल्या दुकानात शिरायचं एवढंच, आत शिरल्यावर लेबल प्रत्येक वेळी नव्याने वाचायचं.

"पण मी तर चाळीसनेच चालवतो"

हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकतो. अमेरिकेत हॅरी हर्ट ह्यांच्या चमूने लॉस एंजेलिसच्या भागात नऊशे अपघातांच्या जागी जाऊन पाहणी केली, अहवाल १९८१ मध्ये आला. त्यात अपघाताआधीचा मधला वेग ताशी ४८ किलोमीटर निघाला आणि प्रत्यक्ष धडकेच्या क्षणी जेमतेम ३५. म्हणजे निम्मे अपघात त्याहूनही हळू. आणि मघाचं आठवा, आपटण्याचा जोर उंचीवर आहे, चाळीसने पडलात तरी खांदा तितकाच आपटणार. रिकाम्या घाटापेक्षा पुण्यातल्या नवले पुलाजवळ ऑफिसच्या वेळेत मला जास्त भीती वाटते.

"उन्हाळ्यात हे घालून जीव जाईल"

ह्यात तथ्य आहे आणि त्याला उडवून लावणाऱ्यांचा मला राग येतो. घाम येऊन गरगरलं तर तोही अपघातच. जाळीचं जॅकेट घ्या, पण धोक्याच्या भागांवर, म्हणजे खांद्यावर आणि कोपरावर, जाळीऐवजी जाड विणीचं कापड हवं. तिथेही जाळी असेल तर ठेवून द्या. कापडाची जाडी डेनिअरमध्ये सांगतात, ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. पण नुसत्या आकड्याला भुलू नका, ६०० डेनिअरचं साधं पॉलिस्टर आणि ५०० डेनिअरचं चांगलं नायलॉन ह्यांत टिकाऊ बहुतेकदा दुसरं, म्हणून परत वर्गच बघायचा.

चाळीसच्या वरच्या उन्हात एक उलटी गोष्ट होते, येणारा वाराच अंगापेक्षा गरम असतो, जाळीतून तो आत येऊन अंग भाजतो आणि पाणी ओढतो. त्यावर गावाकडचा माठ आठवा. आतला बनियन किंवा टीशर्ट ओला करा, पाणी उडताना अंग गार करतं, चाळीस-पन्नास मिनिटांनी पंपावर थांबून परत ओला करा. मी सोलापूरपर्यंत एप्रिलमध्ये असाच जातो. पावसासाठी आतलं वॉटरप्रूफ लायनर असलेलं जॅकेट मी घेत नाही, बाहेरचं कापड भिजून दोन किलो जड होतं, त्यापेक्षा वरून घालायचा साधा रेनसूट बरा.

"एवढे पैसे नाहीत"

मग एकदम सगळं घेऊच नका, आणि महत्त्वाचं म्हणजे सगळे पैसे जॅकेटवर घालून बाकी उघडं ठेवू नका. हेल्मेट आधी. मग ग्लोव्हज, कारण हात पहिला टेकतो आणि ते सगळ्यात स्वस्त असतात. मग जॅकेट, मग बूट, मग पँट. पँटआधी पैसे संपले तर जीन्सच्या आत वेगळे गुडघ्याचे गार्ड बांधा, घासण्यापासून फार नाही पण गुडघा वाचतो. बुटांचंही तसंच. त्याच कॅनबेराच्या अभ्यासात रायडिंगचे नसलेले, साधे पण घोट्याच्या वर येणारे बूट घातलेल्यांनाही स्पोर्ट्स शूजवाल्यांपेक्षा पायाला कमी इजा झालेली दिसली. घरात जुने कारखान्याचे सेफ्टी शूज पडले असतील तर तिथून सुरुवात करा, चप्पल नको.

सेकंडहँड जॅकेट चालतं, शिवणी आणि पॅड नीट बघून. सेकंडहँड हेल्मेट मात्र कधीच नाही. आतलं थर्माकोल एकदा दबलं की परत उठत नाही आणि बाहेरून ते दिसतही नाही.

दुकानात काय करायचं

आरशासमोर उभं राहून बघू नका, उभं राहिल्यावर सगळंच छान दिसतं. दुकानदाराला सांगून बाहेर गाडीवर बसा, हँडल धरा. बाही मनगट उघडं पाडतेय का, पाठ वर ओढली जातेय का बघा. मग कोपराचा पॅड दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरून जोरात फिरवा, खांद्याचाही फिरवा. दोन बोटांपेक्षा जास्त सरकला तर एक नंबर लहान घ्या, किंवा दंडावरचे पट्टे आवळून परत फिरवून बघा. शिवण आतून बघा, खांद्याला आणि बगलेला किमान दोन समांतर ओळी दिसल्या पाहिजेत. हेल्मेट घालून, पट्टा लावून, मागून वर ढकला, निघून आलं तर मोठं आहे. पाच मिनिटं डोक्यावर ठेवा, कपाळावर एका जागी ठणकायला लागलं तर तो आकार तुमच्या डोक्याचा नाही.

मावसभावाने त्या दिवशी तीन दुकानं केली. हेल्मेट एका ब्रँडचं घेतलं, ग्लोव्हज दुसऱ्याचे, जॅकेट तिसऱ्याचं, डबल ए. ते आधी त्याने एक्सएल उचललं होतं, आत स्वेटर घालता येईल म्हणून, गाडीवर बसवून पॅड फिरवून दाखवला तेव्हा गपचूप एलवर आला. पाठीचा पॅड वेगळा घेतला. पँटचे पैसे उरले नाहीत.

परवा रात्री त्याचा फोटो आला, दुकानातूनच, उलट्या केलेल्या पँटच्या आतल्या लेबलचा, जरा हललेला. खाली लिहिलं होतं, "१७०९२, डबल ए, गुडघ्याचा पॅड लेव्हल २. ब्रँडचं नाव कधी ऐकलं नाहीये. घेऊ का?"

मी विचारलं, "गाडीवर बसून बघितलास?"

"हो. पॅड गुडघ्याच्या दोन इंच खाली येतोय."

"आत वेलक्रो असेल, वर सरकवून परत बस."

दहा मिनिटांनी दुसरा फोटो आला, गाडीवर बसलेल्याचा, गुडघा दुमडलेला, पॅड बरोबर वाटीवर.